‘ग्रुपवर टाकलं होतं’ म्हणजे पालकांना कळवलं का?

पत्राचा सारांश : मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. पाळ्या दर आठवड्याला बदलतात आणि फोन गेटवर जमा करूनच आत जावं लागतं. मिस्टर ट्रकवर असतात, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतात. मुलगा तालुक्याच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववीला आहे. शाळेच्या सगळ्या सूचना वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री घरी आल्यावर फोन उघडते, तेव्हा सुप्रभात, वाढदिवस आणि ‘धन्यवाद सर’ यांच्या गर्दीत कामाची सूचना सापडत नाही. गेल्या वर्षी तो आठवीत असताना एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जाची सूचना अशीच निसटली. वर्गात सांगितलं होतं म्हणे, पण मुलानंही घरी सांगितलं नाही. यंदा जूनमध्ये शाळेनं ग्रुपवर नियमावलीची पीडीएफ टाकली. तिच्यात हजेरी, मोबाइलबंदी, गणवेश आणि ‘अपार’चं संमतीपत्र असं सगळं आहे. शेवटी लिहिलंय, ‘यापुढे सर्व सूचना ग्रुपवरच दिल्या जातील. सूचना वाचली नाही ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ काही पालक शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची म्हणून माझी सही मागतायत. मला भीती वाटते, मुलावर राग निघेल. नणंद म्हणते, नोकरी सोड, पुढच्या वर्षी दहावी आहे. मी रोज मुलाचं दप्तर तपासायला लागलेय, तर तो चिडतो. मीच कुठे कमी पडतेय का?

ताई,

आधी त्या शिष्यवृत्तीबद्दल बोलू, कारण बाकीचे प्रश्न तिच्यामागून आलेत.

एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा होते. निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या ज्या मुलांच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठीच ती आहे. म्हणजे तुमच्यासारख्या घरांसाठीच. ती संधी हुकल्याचं दुःख खरं आहे आणि ‘जाऊ दे’ म्हणून मी ते उडवून लावणार नाही. परीक्षा फक्त आठवीच्या विद्यार्थ्यांची असते, त्यामुळे आता नववीत ती देता येणार नाही.

तरी दोन गोष्टी ध्यानात घ्या. निवड गुणवत्तेनुसार आणि ठरलेल्या कोट्यातून होते, त्यामुळे अर्ज भरला असता म्हणजे पैसे मिळालेच असते असं नाही. तुमच्याकडून परीक्षेला बसण्याची संधी गेली, अठ्ठेचाळीस हजार रुपये हरवले नाहीत. मनात हा आकडा रोज फिरत असेल तर तो तिथून काढून टाका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या परीक्षेचा अर्ज पालक सायबर कॅफेत जाऊन परस्पर भरत नाही, तो शाळेमार्फतच जातो. वर्गात कोण पात्र आहे, सातवीत कुणाला किती टक्के होते, हे शाळेला माहीत असतं. त्यामुळे कुणाकुणाचे अर्ज आले नाहीत हे बघून त्या मुलांना पुन्हा विचारणं शाळेला शक्य होतं. ग्रुपवर एक संदेश टाकून हे काम पूर्ण होत नाही. म्हणून ‘मीच कमी पडले का’ या प्रश्नाला माझं उत्तर आहे, नाही. तुमच्यापर्यंत सूचना पोचलीच नाही.

तुमच्या पत्रात एक समजूत दडलेली आहे आणि शाळेच्या त्या शेवटच्या वाक्यातही तीच आहे. चांगला पालक म्हणजे दिवसभर फोन हातात असलेला, प्रत्येक संदेश त्याच वेळी वाचणारा पालक. पण तुमच्या तालुक्यात असे पालक किती असतील? ऊसतोडीला गेलेले, दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारे, हॉटेलात भांडी घासणारे, तुमच्यासारखे गेटवर फोन जमा करणारे. कित्येक घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांच्या खिशात, दुसऱ्या गावी असतो. काहींना मराठी वाचता येतं, पण पीडीएफ उघडायची कशी ते माहीत नसतं. यांतल्या कुणाचंही मुलांवरचं प्रेम कमी नाही. शाळेनं सूचना देण्याची जी पद्धत निवडली आहे, ती यांच्यापैकी कुणालाच डोळ्यासमोर ठेवून निवडलेली नाही. हा दोष सुधारता येण्यासारखा आहे आणि तो सुधारून घेणं हेच तुमचं खरं काम आहे.

शाळेची बाजूही बघू या, कारण उद्या तुम्हाला त्याच वर्गशिक्षकांशी बोलायचंय. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, सहा-सात तास शिकवणं, त्यावर यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, आधार जुळवणं, नाना योजनांचे तक्ते. वरच्या कार्यालयातून दुपारी आलेल्या परिपत्रकावर संध्याकाळपर्यंत माहिती मागवलेली असते. अशा वेळी ग्रुपवर टाकून मोकळं होणं हा शिक्षकाला सुचणारा सगळ्यात सोपा मार्ग असतो. यात कुणी मुद्दाम लपवाछपवी केली असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. पूर्वी शिपाई नोटीसवही घेऊन वर्गावर्गांत फिरायचा, सूचना फळ्यावर लिहिली जायची, मुलं ती वहीत उतरवून घरी सही घ्यायची. फोन आल्यावर ती सवय गेली, आणि ज्यांच्याकडे फोन वेळेवर नसतो त्यांच्यासाठी दुसरं काही उभं राहिलं नाही.

आता ‘सबब ऐकून घेतली जाणार नाही’ या वाक्याबद्दल. ते वाचून तुम्ही घाबरलात, पण त्या वाक्यानं तुमचा कुठलाही हक्क जात नाही. नियमावलीतली बरीच कलमं साधी आहेत. मोबाइल शाळेत आणायचा नाही, हे योग्यच आहे, मुलाला एकदा बजावून सोडून द्या. गणवेशाचं कलम वाचताना एवढंच बघा, की अमुक दुकानातूनच घ्या अशी सक्ती आहे का. तशी सक्ती शाळेला करता येत नाही. हजेरीचं कलम मात्र नीट वाचा. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी मंडळ ७५ टक्के हजेरी मागतं, आणि नववीत लागलेल्या दांड्या मारायच्या सवयी दहावीत सुटत नाहीत. मुलगा आजारी पडला तर त्याच आठवड्यात अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला वर्गशिक्षकांकडे द्या. फेब्रुवारीत मागचे दाखले गोळा करत फिरण्याची वेळ अनेक पालकांवर येते.

‘अपार’चं संमतीपत्र ही या सगळ्यात वेगळी गोष्ट आहे. अपार म्हणजे विद्यार्थ्याचा बारा अंकी कायम ओळख क्रमांक, त्याच्या शैक्षणिक नोंदी एका जागी राहाव्यात म्हणून काढलेला. तो आधारशी जोडला जातो, म्हणून अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाची लेखी संमती घेतात. संमती म्हणजे तुम्ही वाचून, समजून केलेली सही. ग्रुपवर फॉर्म टाकला आणि पालकांनी काही उत्तर दिलं नाही, तर त्याला संमती म्हणता येत नाही. शाळेकडून कागदी फॉर्म मागून घ्या. सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. काही शंका असेल तर सहीआधी मुख्याध्यापकांना विचारा, विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

या फॉर्मच्या निमित्तानं एक काम मात्र याच महिन्यात करून टाका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि आधार कार्डावरची माहिती एकमेकांशी ताडून बघा. आपल्याकडे आधारवर एक स्पेलिंग आणि शाळेत दुसरं, हे घरोघरी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव छापून येतं, ते आयुष्यभर पुढच्या प्रत्येक कागदावर चालतं. मुलगा शाळेत आहे तोवर दुरुस्ती करणं सोपं असतं, शाळा सोडल्यावर तीच गोष्ट फार किचकट होते.

मुलाबद्दल तुम्ही पत्रात फक्त दोन वाक्यं लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त तिथंच थांबावंसं वाटतं. ‘त्यानंही सांगितलं नाही’ आणि ‘दप्तर तपासते, तर चिडतो.’ तुम्ही धरून चाललाय की त्यानं निष्काळजीपणा केला किंवा लपवलं. पण का सांगितलं नाही, हे तुम्ही त्याला शांतपणे विचारलंय का? अर्ज चुकल्यावर रागाच्या भरात विचारलेलं मी धरत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय चालू असतं याचा अंदाज आपण मोठी माणसं फार चटकन बांधतो. उत्पन्नाचा दाखला लागेल म्हटल्यावर ‘आईला तहसीलला जावं लागेल, तिचा खाडा पडेल’ असा विचार त्यानं केला असेल. परीक्षेची भीती वाटली असेल. मित्र बसले नाहीत म्हणून हाही बसला नसेल. किंवा खरंच विसरला असेल. यांतलं कुठलं कारण आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि दप्तर तपासून ते कळणार नाही. दप्तरात वह्या सापडतील फार तर.

सुट्टीच्या दिवशी, जेवताना, दुसरं काहीतरी बोलत असताना विचारा. ‘तेव्हा तुला काय वाटलं होतं?’ एवढंच. उत्तर आलं की त्यावर लगेच काही बोलू नका. मग त्याच्यावर एक काम सोपवा. रोज शेवटच्या तासाला शाळेनं काय सांगितलं ते वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून एका ओळीत लिहायचं. काही सांगितलं नसेल तर ‘सूचना नाही’ असं लिहायचं. तुम्ही कामावरून कितीही उशिरा आलात तरी ते पान बघा आणि खाली सही करा. तो झोपला असला तरी सकाळी त्याला तुमची सही दिसेल. दप्तर तपासणं आजपासून बंद करा. तपासणीमुळे तो तुमच्यापासून वस्तू लपवायला शिकेल, आणि लिहिण्याचं काम त्याच्याकडे असलं तर घराला शाळेचं कळवणं ही त्याची जबाबदारी होईल. पहिले काही दिवस पान कोरं निघेल. ओरडू नका. पेन पुढे करा.

तक्रारीवर सही करायची का? तुमच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. दहावीत बऱ्याच विषयांना २० गुण शाळेच्या हातात असतात आणि पालकाच्या मनात ही गोष्ट कायम असते. बहुतेक शिक्षक पालकावरचा राग मुलावर काढत नाहीत, तरी ‘बहुतेक’ या शब्दानं आईला झोप येत नाही, हे मला कळतं. म्हणून भीती बाजूला ठेवून आधी त्या तक्रारीत नेमकं काय मागितलंय ते वाचा. ‘शाळा पालकांना काही कळवत नाही’ एवढंच असेल तर सही करू नका. कारण शिक्षणाधिकारी शाळेकडून खुलासा मागवतील, शाळा ग्रुपचा स्क्रीनशॉट जोडून ‘सूचना दिली होती’ असं लिहून देईल आणि प्रकरण तिथंच मिटेल. पालक आणि शाळा यांच्यात अढी तेवढी राहील.

त्याऐवजी त्याच पालकांना सांगा, पहिला अर्ज मुख्याध्यापकांना देऊ, आणि त्यात करता येण्यासारख्या गोष्टी मागू. मसुदा असा करता येईल :

‘मा. मुख्याध्यापक, आम्ही इयत्ता नववीचे पालक. आमच्यापैकी अनेक जण पाळीत काम करतात किंवा मजुरीला जातात व दिवसा फोन पाहू शकत नाहीत. त्यामुळे महत्त्वाच्या सूचना वेळेत कळत नाहीत व मुलांचे नुकसान होते. तरी विनंती की : ज्या सूचनेला शेवटची तारीख आहे किंवा पालकांची सही लागते, ती ग्रुपबरोबरच विद्यार्थ्यांच्या वहीत लिहून द्यावी व पालकांची सही तपासावी. अशा सूचना शाळेच्या फाटकाजवळील फलकावर शेवटच्या तारखेपर्यंत लावाव्यात. सूचनांसाठी वेगळा ग्रुप करून त्यावर फक्त शिक्षकांना लिहिता येईल अशी सोय करावी. शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज ज्या पात्र विद्यार्थ्याचा आला नाही, त्याच्या पालकांना मुदतीपूर्वी एकदा फोन करावा. या कामात आम्ही पालक मदत करायला तयार आहोत.’

शेवटचं वाक्य गाळू नका आणि ते मनापासून लिहा. प्रत्येक वर्गात दोन-तीन पालक असे असतात ज्यांना दिवसा वेळ असतो. दहा घरं एकीकडे, दहा घरं दुसरीकडे अशी वाटणी करून त्यांनी फोन केले तर शिक्षकांवरचा बोजा कमी होतो. तुमची पहिली पाळी असते त्या आठवड्यात तुम्हीही संध्याकाळी चार फोन करू शकता. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर कार्यालयातून पोच घ्या. सह्या गोलाकार करा, म्हणजे पहिलं नाव कुणाचं हा प्रश्नच राहत नाही. अर्ज कुणा एकट्याच्या नावावर राहिला नाही की तुमच्या मुलाकडे बोट दाखवायचं कारणही उरत नाही. हाच विषय पालकसभेत आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीतही मांडा. संघाचे पालक सदस्य कोण आहेत हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. कार्यालयात विचारून त्यांची नावं आणि फोन लिहून घ्या.

ज्यांची मुलं विनाअनुदानित शाळेत आहेत त्यांनाही इथं एक सांगायला हवं, कारण तिथं ग्रुपवरची सूचना बहुधा फीवाढीची असते. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या शुल्कासाठी २०११चा कायदा आहे. त्यानुसार व्यवस्थापनाला फी परस्पर ठरवता येत नाही. प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, या समितीत पालक असतात, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. ‘नवीन फी पुढीलप्रमाणे’ असा संदेश आला तर पहिला प्रश्न विचारा, समितीची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे? आठवीतल्या मुलांच्या पालकांनी, शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर, पहिल्या सत्राच्या सुरुवातीपासूनच वर्गशिक्षकांना एनएमएमएसबद्दल स्वतःहून विचारावं. त्यासाठी ग्रुपवर संदेश येण्याची वाट बघू नये.

नोकरीचं बघू. नणंदेला तुमच्या मुलाची काळजी आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. पण नोकरी सोडून नक्की काय साधेल? सूचना दिवसातल्या दिवसात कळतील, एवढंच. त्यासाठी एक पगार सोडायचा, तोही मुलगा दहावी-अकरावीच्या खर्चाला येतोय तेव्हा? मला हा सौदा पटत नाही. घरात पैसा कमावणारी आई मुलाला दिसते, हीसुद्धा त्याच्या शिक्षणातली मोठी गोष्ट आहे. नणंदेला एक काम सांगून बघा. त्या गावातच असतील आणि त्यांच्याकडे फोन असेल, तर ग्रुपमध्ये त्यांचाही नंबर घालायची विनंती वर्गशिक्षकांना करा. कामाची सूचना दिसली की त्यांनी वहीत लिहून ठेवायची. काळजी करणाऱ्या माणसाला करण्यासारखं काही दिलं की सल्ले कमी होतात आणि मदत वाढते. मिस्टरांचा नंबरही ग्रुपमध्ये हवा. ट्रक थांबतो तेव्हा ते फोन बघत असतीलच, आणि मुलाच्या शाळेची सूचना वाचणं ही एकट्या आईची जबाबदारी नाही. पत्रात तुम्ही स्वतःला दोष देता, नणंद तुम्हाला दोष देते, त्यांना मात्र कुणी काही विचारत नाही. याच आठवड्यात त्यांच्याशी फोनवर बोला आणि आठवड्यातला एक दिवस ठरवून द्या. त्या दिवशी ग्रुपवरचं मागचं सगळं त्यांनी चाळायचं आणि कामाचं तुम्हाला सांगायचं.

पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा कशावर लक्ष ठेवायचं तेही आत्ताच लिहून ठेवा. पहिल्या सत्रातच मंडळाचे परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात. नंतर त्याच माहितीची छापील यादी, जिला शाळेत प्रीलिस्ट म्हणतात, तपासायला येते. तीवर मुलाची सही घेतात. घाईत सही करू नकोस, नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय आणि माध्यम अक्षर न् अक्षर वाच, हे त्याला आधीच सांगून ठेवा. चित्रकलेची एलिमेंट्री-इंटरमिजिएट परीक्षा दिली असेल किंवा खेळात स्पर्धेचं प्रमाणपत्र असेल तर सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव शाळेकडून मंडळाकडे जातात, त्यांनाही मुदत असते. निकालानंतर अकरावीचा प्रवेश २०२५पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात थेट जाऊन नाव घालणं संपलं. तिथं ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर गेटवर जमा होणारा नसावा. मुलाच्या मामाचा किंवा नणंदेचा नंबर देण्याचा विचार आत्ताच करून ठेवा, आणि तो नंबर पुढे बदलणार नाही याची खात्री करा.

मुख्याध्यापकांना अर्ज दिल्यावर दोन आठवडे थांबा. उत्तर आलं नाही तर संघाच्या पालक सदस्यांना घेऊन त्यांना भेटा. तरीही काही हललं नाही, तर मात्र जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे त्या पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जोडून जा. तेव्हा सही करायला माझी काही हरकत नाही, करावीच असं मी म्हणेन.